धुरातलं कणीस

दिलीत सकाळचे आठ वाजतात
तेव्हा न्यूयॉर्कात कालचे सात असतात, संध्याकाळचे.
मी रोज कालचा पैसा मोजते.

मी एर्मेलिंदा. अर्थखात्यात, तिसऱ्या मजल्यावर.
समुद्राकडे पाठ करून बसते,
कारण खिडकीतलं ऊन पडद्यावरचे आकडे पुसून टाकतं.
ज्या समुद्राच्या पोटातून हे सगळं निघालं
त्याच्याकडे पाठ.
हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

वायू संपला. नळ्या तिथंच आहेत,
आत बहुतेक मासे हिंडत असतील.
उरला तो निधी:
देशाचा, न जन्मलेल्यांचा,
आणि तोवर माझ्या पडद्याचा.

गेल्या महिन्यात बाबा माउबिसीहून उतरले,
ट्रकच्या मागं, कोबीच्या पोत्यांवर बसून.
म्हणाले, किती आहे?
मी आकडा सांगितला. त्यांनी तो ऐकला
जसं लांबचं विमान ऐकतात.
मग म्हणाले, ठेवलाय कुठं?
म्हटलं, बराचसा अमेरिकेच्या सरकारकडे. कर्जाऊ.
आपण त्यांना दिलंय.
बाबा खूप वेळ गप्प.
मग स्वतःच्या पायांकडे बघून हसायला लागले,
खोकला येईपर्यंत हसले:
सावकाराच्या पायात असल्या चपला असतात होय?

पूर्वी परदेशी माणसं यायची ती तांदूळ घेऊन.
पोत्यावर त्यांच्या देशाचा झेंडा, आम्ही रांगेत.
आता येतात ती गुळगुळीत पुस्तिका घेऊन,
आणि रांगेत तीच असतात, बाहेरच्या बाकावर,
लंडनचा एक, सिडनीचे दोघं, घामानं कॉलर चिकटलेली.
माझ्यासमोर किंचित वाकतात.
मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू.
पण जगाच्या पंगतीत नॉर्वे, अबुधाबी, सिंगापूर
पाटावर बसलेले, वाढपी त्यांच्याभोवती,
आमचं पान दाराशी, आणि त्यावर मीठ तेवढं वाढून झालंय.

आमच्या घरी चुलीवर, आढ्याला
मक्याची कणसं टांगलेली असतात. बियाण्याची.
धुरानं काळी पडतात, पण किडा लागत नाही.
जानेवारीत, कोठारात उंदीरही थांबत नसत तेव्हा,
आम्ही पाच भावंडं त्यांच्याखाली निजायचो,
डोळे वर.
बियाण्याला हात लावायचा नाही,
हे आम्हाला प्रार्थनेच्या आधी शिकवलं होतं.

नियम इथंही तोच आहे, फक्त टाय लावलेला:
वर्षाला शेकडा तीन. त्याहून जास्त काढलंत
तर नातवंडांचं खाल्लंत.
या आठवड्यात वरून चिठ्ठी आली आहे, जास्त हवंय.
रस्ता, बंदर, निवडणूक
(शेवटचा शब्द चिठ्ठीत नाही).
मी हरकतीचं टिपण लिहायचं आहे.
मला ते लिहिता येतं. झोपेतसुद्धा.

फक्त एवढंच, की मी सहा वर्षांची असताना
एका रात्री बाबा पाटावर चढले
आणि त्यांनी कणसं खाली काढली.
सगळी नाही. सात.
आई ओरडली नाही. तिनं पाणी ठेवलं.
झेलितोला आधी दिलं, तो सगळ्यात हलका झाला होता.
पेरणीला मामाकडून बियाणं आणलं,
त्यापायी म्हैस गेली, आणि पुढची तीन वर्षं.
झेलितो आता शाळेत गणित शिकवतो.

तर टिपणात मी काय लिहू?
की नियम बरोबर आहे,
आणि मी त्याच्या मोडण्यातून वाचलेली आहे?
की बाबांनी भूक बघून हात वर केला होता,
आणि चिठ्ठीवाल्यांचं पोट
मी काल समारंभात पाहिलं?

संध्याकाळी टिपण दिलं. नकार, दीड पान.
त्यात झेलितो नाही.

बाबा जाताना एक कणीस ठेवून गेले,
काळंभोर, दोऱ्यासकट.
ते माझ्या खणात आहे.
खण उघडला की सगळ्या मजल्याला चुलीचा वास येतो.
परवा लेखापरीक्षक आले, तपासून झाल्यावर म्हणाले,
बाई, हे कुठल्या खात्यात दाखवायचं?

मी अजून सांगितलेलं नाही.